सबरस

मठियाचं पीठ एकट्या बाईने मळू नये.
मटकीचं पीठ, साखरेचं पाणी, ओवा, मिरची,
बेतानं मीठ.
गोळा इतका घट्ट, की बोट रुतवायला जावं
तर बोटच दुखावं.
मग दगडावर ठेवून मुसळीने कुटायचा,
लोण्यासारखा फिका होईपर्यंत.
एकीने घाव घालायचा, दुसरीने गोळा फिरवायचा.
एकवीस दिवाळ्या रळियातने घाव घातले,
मी गोळा फिरवला.
माझी दाही बोटं शाबूत आहेत.

मग अंगणात भिंत आली.
ध्रांगध्र्याला दगडाची वाण नाही.

भांडण कशाचं, ते सांगायला आता लाज वाटते.
सासूबाईंचा पितळी सोऱ्या.
वाटणीत सोऱ्या थोरल्या जावेकडे गेला,
त्याच्या चकत्या माझ्या डब्यात राहिल्या.
दोन वर्षं झाली,
दोन्ही घरांत शेव नाही.

काळी चौदशीच्या संध्याकाळी आमच्याकडे
घरातलं भांडण बाहेर टाकतात.
खरंच टाकतात.
वडे तळायचे, चव्हाट्यावर नेऊन ठेवायचे,
भोवती तांब्यातल्या पाण्याचं रिंगण,
आणि मागे न बघता घरी यायचं.
मी पोचले तेव्हा शेजारचं रिंगण अजून ओलं होतं.
ते वडे मी कुठेही ओळखेन,
कडेने जरा जास्तच करपलेले.
चार पावलं गेले आणि नियम मोडला.
एक लंगडं कुत्रं
आधी तिचं भांडण खाऊन
सावकाश माझ्या भांडणाकडे वळत होतं.

घरात सगळं तयार होतं तसं.
मोहनथाळ, वर खसखस.
घुघरे, कडांना मुरड.
चोळाफळी तेलात पडताच फुगलेली,
तिच्यावर तिखट आणि काळं मीठ.
मठियाही केले, एकटीने,
गोळा पायाने दाबून धरून. कुणाला सांगू नका.

पण नव्या वर्षी घरात पहिलं पाऊल
यातल्या कशाचंच नसतं.
बेसतं वरस उजाडायच्या आत,
पणत्यांत अजून तेल असताना,
गल्लीच्या तोंडाशी हाक येते:
सबरस! सबरस!
म्हणजे मीठ. नुसतं मीठ.
वर्षातली पहिली खरेदी.

जमकू आली. खाराघोड्याची, अकरा वर्षांची.
परवा तिचा बाप आठ महिन्यांसाठी
रणात उतरेल, सगळ्या घरासकट.
पाटीत बघून म्हणाली,
"एकच पुडी उरलीये, मावशी. आणि दारं दोन."
तेव्हा मला दिसलं,
दुसऱ्या दारात रळियात उभी होती,
नव्या साडीची घडी न मोडलेली.

जमकूने पुडी सोडली.
अर्धं मीठ माझ्या तळहातावर,
अर्धं तिच्या.
पैसे मात्र दोघींकडून पुरते घेतले.
"सणाचा भाव आहे," म्हणाली.
मी तिच्या पैशांकडे पाहत नव्हते.
रळियातच्या मुठीत मीठ होतं
आणि तर्जनीला हळदीची चिंधी.

म्हणजे तिनेही एकटीनेच.

घुघरे पुढे केले तर जमकूने मान हलवली.
"पहाटेपासून सगळे गोडच देतात. ते तिखट द्या."
उभ्याउभ्या मठिया मोडला, चावला,
मिठागरात जन्मलेल्या जिभेवर क्षणभर ठेवला,
आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली,
"मीठ कमी आहे!"

कोण आधी हसलं, यावर वाद होऊ शकतो.
तो मी घालणार नाही.
साल मुबारक म्हणून झालं,
तिने दार लोटलं, मीही लोटलं.

चकत्या चिंच लावून घासल्या आहेत.
पदराने पुसून खिडकीत ठेवल्या आहेत,
भिंतीच्या बाजूच्या.
नेऊन दिल्या नाहीत अजून.
लाभपाचमीला चार दिवस आहेत.