डोक्यावर लाट असलेला ओ

व्होरू म्हणू या त्या एस्टोनियातल्या गावाला.
खरं तर त्यातलं दुसरं अक्षर असं नाही;
डोक्यावर लाट घेतलेला ओ आहे तो,
माझ्या लिपीत बसत नाही, चालवून घ्या.

हेल्वेच्या प्रिंटरमध्येही बसत नव्हता.
चर्चच्या मागची खोली, जून,
रात्री दहालाही दिवा लावावा लागत नाही असा उजेड,
आणि दोनशे बारा पत्रं:
कबरस्तानाचा दिवस येत्या रविवारी,
फुलं आणा, कोणाकडे दाताळं असेल तर तेही.
निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं शिस्तीत उभी.
कागदावर मात्र त्या ओच्या जागी
कुठलंसं ग्रीक अक्षर, मोडक्या खुर्चीसारखं.
गावाच्या नावात मोडकी खुर्ची.
तिच्या स्वतःच्या आडनावात मोडकी खुर्ची.
दोन टिंबांची अक्षरं तेवढी सुखरूप उतरत होती.

तिने केबल काढून पुन्हा लावली. रिबन बदलली.
फाइल दुसऱ्या नावाने ठेवली.
मग रागाने तेच पान तीनदा छापलं,
प्रिंटरला लाज वाटेल म्हणून.
शेवटी पांढऱ्या शाईने खुर्च्या झाकून
चाळीस पत्रांवर हाताने लाटा काढल्या.

आइवार आला. हा सारेमा बेटावरचा.
तिथे हे अक्षर कोणी बोलतच नाही,
लाटेच्या जागी दोन टिंबं उच्चारतात सगळे.
"मग टिंबंच छाप की. आमच्याकडे कळेल."
"मेलेले इकडचे आहेत," हेल्वे म्हणाली.

त्याने प्रिंटर उलटा केला.
पावाचा चुरा पडला, कोटाचं एक बटण पडलं.
मागच्या झाकणाखाली तांदळाएवढे आठ खटके,
माहितीपुस्तिका केव्हाच हरवलेली.
तिच्या केसांतली पिन घेऊन त्याने चौथा खाली केला.
खुर्ची.
चौथा वर, पाचवा खाली.
खुर्ची.
"बंद करून बघ," हेल्वेच म्हणाली,
"झोपून उठल्याशिवाय मला तरी कुठे काही पटतं."

बंद. दहापर्यंत मोजलं. चालू.
करकरत कागद वर सरकला आणि

लाट आली.
नऊ सुयांनी टोचलेली, जरा चपटी.

उरलेली एकशे बहात्तर छापून झाली.
ती चाळीस तिने फाडली नाहीत,
लांब राहणाऱ्यांना पाठवू म्हणाली.
आइवारने एक कागद खिडकीशी धरला
आणि गावाचं नाव मोठ्याने वाचलं,
दोन टिंबांसकट.