आडव्या रेघेवर

पहिल्या बुधवारी बारा खुर्च्या मांडल्या.
तिघं आले.
दोघं शेगडीसाठी,
आणि फ्रेसिया, कारण चॅपलची किल्ली तिच्याकडे.

कोरोनेलला जुलैत समुद्र घरात येतो,
म्हणजे त्याचा वास येतो: ओला कोळसा, मासळीचं पीठ.
मी फळ्यावर लिहिलं, ५ ऑक्टोबर १९८८.
तोही बुधवारच.
एलेउतेरिओ म्हणाला, बाई, राव येवो की रंक,
सहा तारखेला पहाटे भोंगा होणारच,
आणि मला सार्डिनची पोटं फाडायला जायचंच आहे.
सगळे हसले. सगळे म्हणजे दोघं.
मीही हसले. पंधरा वर्षं
पावाच्या रांगेत हेच वाक्य मी म्हणत आले होते.

दुसरा बुधवार, पाच.
तिसरा, चार. नोल्बेर्तोला कोणीतरी सांगितलं,
तिथे नावं लिहून घेतायत.
मी नावं लिहीत नव्हते,
वहीत काड्या ओढत होते, शेळ्या मोजाव्यात तशा.
चौथ्याला पातेलंभर सूप नेलं.
तेरा.

बुटांच्या खोक्याला ब्लेडनं चीर पाडली
आणि खऱ्या प्रश्नाला हात न लावता
चिठ्ठ्यांवर दोन शब्द लिहिले:
मसूर. घेवडा.
प्रत्येकाशेजारी एक आडवी रेघ.
जे हवं, त्याच्या आडव्या रेघेवर एक उभी रेघ.
एवढंच शिकवायचं होतं मला.
नाव नाही, सही नाही, शिवी तर नाहीच.

झुनिल्दानं पेन्सिल सुईसारखी धरली.
चिठ्ठीच्या चार घड्या करून बाहीत खुपसली.
खोक्यात टाक, म्हटलं.
टाकली तर माझी राहील का ती?
कोणाची ते कोणालाच कळणार नाही, मी म्हटलं.
पंधरा वर्षं माझं काहीच कोणाला कळलेलं नाही,
ती म्हणाली, त्याचं एवढं काय कौतुक?

मसूर सहा, घेवडा पाच, एक कोरी.
आणि एकीवर, घेवड्याशेजारी,
रेघ इतकी दाबून ओढलेली
की कागद फाटून टेबलावर उतरलेली.
ही बाद, मी म्हटलं
आणि भडकाच उडाला.
बाद कशी? मनापासून ओढलीय!
बरोबरी झाली असती!
फ्रेसिया खुर्चीवर चढली.
पोराच्या मयतालाही कुजबुजत बोललेला नोल्बेर्तो
टेबलावर मूठ आपटून म्हणाला,
पुन्हा मोजा.
मी धावत जाऊन खिडकी लावली.
मग वाटलं, मसुरावरून भांडायला
कुठल्या सरकारची परवानगी लागते?
उघडली.
गल्लीतल्या दोघी डोकावल्या, काय झालं म्हणून.
पुढच्या बुधवारी त्या खुर्चीत बसलेल्या.

नोंदणीला ओळखपत्र, ओळखपत्राला फोटो,
फोटोला दोन दिवसांचा पाव.
सुपाच्या पातेल्यात नाणी टाकत गेलो.
लग्नानंतरचा हा झुनिल्दाचा पहिला फोटो.
बराच वेळ बघून म्हणाली,
ही बाई रागावलेली दिसते.
कोणावर?
शोधतेय.

सगळे काही आले नाहीत.
निम्मी गल्ली अजून पडदे ओढून बसते,
आणि माझा सख्खा भाऊ म्हणतो,
पालथ्या घड्यावर पाणी घालतेस.
असेल.

शेवटच्या बुधवारी एलेउतेरिओ शेगडीपासून लांब उभा.
बाई, आत पेन्सिल मोडली तर?
दुसरी देतील.
तीही मोडली तर?
मग नखानं ओढा, मी थट्टेत म्हटलं.
तो हसला नाही.
खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली:
पेन्सिलींचे एकोणीस तुकडे,
मासळीच्या सुरीनं टोक काढलेले.
एकेकाच्या हातात ठेवत गेला.
आणि भोंग्याचं काय, मी विचारलं.
वाजेल की, म्हणाला,
आणि सूप उरलंय का ते बघायला गेला.

माझ्या तुकड्याला एक खवला चिकटला होता.
घरी येऊन हात दोनदा धुतले.
वास गेला नाही.