शेजार

चार वाजता भुसावळात भिंतींनाही घाम फुटतो.
मुबारक तडवी कुलरमध्ये बादली रिकामी करतो,
मी काचपट्टी सरकवते भिंगाखाली:
दीपनगरला राख उपसणाऱ्या एका माणसाचं फुप्फुस.
गुलाबी जाळी,
अन् जाळीच्या सांदीकोपऱ्यांत
काळं खाऊन फुगलेल्या पेशी.

पुस्तकात त्यांना भक्षक म्हणतात.
मला त्या नगरपालिकेच्या बाया वाटतात,
पहाटे पदर खोचून निघालेल्या.

नेहेते मॅडम सांगायच्या,
हीच जात यकृतात उतरली
की म्हाताऱ्या रक्तपेशी मोडून लोखंड वेगळं काढते,
भंगारवाल्यासारखी.
हाडात गेली तर हाडच पोखरते.
मेंदूतल्या तर मज्जा तयार होण्याआधीच
गर्भात येऊन राहिलेल्या, जुन्या रहिवासी.
येताना सगळं काही लिहून आणलेलं नसतं.
शेजारच्या पेशी काहीबाही पाझरत राहतात
थेंब थेंब, रात्रंदिवस,
अन् आलेली ऐकता ऐकता तिथली होते.

मी विचारलं होतं,
अन् शेजार काढून घेतला तर?
मॅडमनी चष्मा पुसला.
काचेच्या थाळीत एकटी ठेव,
ऊब दे, खायला दे,
दिवस मावळायच्या आत विसरायला लागते ती
आपण कुठली ते.
जगते. हलते.
पण कुठलीच नसते.

सात नंबरच्या खाटेवर झेलाबाई होती तेव्हा.
साक्रीकडची. मुलानं क्वार्टरवर आणलेली, तिथून इथे.
रक्त ठीक, साखर ठीक,
तीन दिवसांत एक शब्द नाही.
नस शोधताना मी म्हटलं, मावशी, मूठ आवळा.
तिनं आवळली.
सोड म्हणेपर्यंत सोडली नाही.

चौथ्या दिवशी लादी पुसणारी वेणू खाटेशी थबकली,
फडकं हातात, पाणी टपकतंय:
"कथाईन उनी वं माय?"

"निजामपूरनी शे मी."
अन् मग थांबेचना बाई.
विहिरीवरचा आंबा कोणी तोडला,
सुनेला कळण्याची भाकरी थापता येत नाही,
इथलं वरण गुळचट,
अन् ही पोरगी रोज रक्त नेते ते विकते का काय!
वेणू हसून हसून बादलीवर बसली.

मी रिपोर्टात काय लिहिणार?
हिमोग्लोबिन लिहिलं. दहा पूर्णांक दोन.

कुलर घरघरतो. पट्टी जरा डावीकडे घेते.
राखेच्या काठाशी एक पेशी, अजून रिकामी,
रक्तातून नुकतीच उतरलेली,
फिकट, एका अंगाला कललेली.
त्या माणसाचा श्वास थांबला
तेव्हा ही वस्तीला येऊन फार तर दिवस झाला असेल.
शेजारणी सांगत असतील तिला,
इथं असं असतं बाई,
इथं धूळ खायची.