येते

हडर्सफील्डच्या बस स्टँडवर मी तीन दिवस उभी होते,
गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र, हातात टॅब्लेट.
कुठून कुठे, कशासाठी?
उत्तराला रकाना एक.

टाय लावलेल्याने न थांबता सांगितलं: घर, ऑफिस.
रेघ पडली, पट्टीने आखावी तशी.

मग ग्लेनिसबाई, सत्तरीच्या, हातात बाबागाडी.
नातू पाळणाघरात, तिथून बहिणीची औषधं,
बहिणीला आंघोळ, पुन्हा पाळणाघर,
"आणि जाता जाता ब्रेड."
मशीन म्हणालं, मुख्य प्रवास निवडा.
यातला मुख्य कुठला हो?
त्या हसल्या. "ब्रेड लिही, पोरी."

जाता जाता.
या दोन शब्दांवर घरं चालतात
आणि यादीत त्यांना क्रमांक नाही.

शगुफ्ता इस्पितळाच्या फरशा पुसते.
ड्यूटी अकराला सुटते, शेवटची बस दहा पन्नासला.
मग चढ, उंच कुंपण, दिवा गेलेला थांबा.
"चालते. किल्ल्या बोटांत धरून,
फोनवर कोणी नसताना बोलत."
काय बोलतेस?
"भाज्यांचे भाव."

बस का वापरत नाही? पर्याय होते:
महाग आहे, संथ आहे, स्वतःची गाडी आहे.
मी 'इतर' दाबलं.
'इतर'मध्ये लिहायला जागा नव्हती.

शुक्रवारी नकाशा भिंतीवर झळकला.
जाड निळ्या रेघा, सकाळी आत, संध्याकाळी बाहेर,
देखण्या, एखाद्या सुखी माणसाच्या तळहातासारख्या.
साहेब म्हणाले, रात्री अकरानंतर मागणी शून्य.
खरंच होतं.
नसलेल्या बसमध्ये कोणी चढत नाही.

मी चहाच्या कपाखालचा कागद ओढला
आणि ग्लेनिसबाईंचा दिवस काढायला घेतला,
इथून तिथे, तिथून पुन्हा इथे,
मध्येच कपाचा ओला गोल.
उसवलेल्या लोकरीचा गुंता झाला नुसता.
"हे काय आहे?" शेजारच्या डंकनने विचारलं.
मंगळवार, मी म्हटलं.

आमच्याकडे घराबाहेर पडताना 'जाते' म्हणत नाहीत.
एकदा म्हणाले, तर आईने उंबऱ्यातून परत बोलावलं:
येते म्हण.
त्या शब्दात परतीचं तिकीट असतं.
हे मला त्या खोलीत, इंग्रजीत, सांगता आलं नाही.
एवढंच विचारलं,
अकरा दहाला एक बस, तीन महिने, करून बघायची?
कोणीतरी टिपून घेतलं.
पेन्सिलीने.

त्या रात्री मी मुद्दाम चढावरून चालत गेले.
बंद फोन कानाला. आधी काही सुचेना,
मग मोठ्याने म्हणाले, हो, हो, येतेच आहे,
कांदे आहेत का घरात?

समोरच्या फुटपाथवरून एक बाई उतरत होती,
तीही फोनवर, भरभर.
तिचा चालू होता की नाही,
कळलं नाही.