खिळ्यांच्या डब्यामागे

थंडर बे. पहाटे साडेपाच, उणे एकतीस.
शाळेच्या बसचं इंजिन तापेपर्यंत मी बसत नाही.
पायरीवर उभी राहते, दांडा धरून,
आणि कंबरेला विचारते, आज काय बेत?
ती लगेच बोलत नाही.
पहिल्या खड्ड्यापर्यंत थांबते.

बावन्न किलो गेले माझे.
बाबा तळघरातून दोन खेपांत आणायचे
तेवढे बटाटे.
गुडघे हरखलेत, जिन्यावर मिरवतात.
कंबर मात्र म्हणाली, मला कुणी विचारलं होतं?
चौथ्या-पाचव्या मणक्यातली झीज
वजनाबरोबर गेली नाही,
भाडेकरू गेला तरी भिंतीतली ओल राहते तशी.
आणि चरबी गेल्यावर कळलं
की ती गादीही होती.
आता खुर्ची थेट हाडाशी बोलते.

पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका, म्हणतात.
माझं पोट कापून, वळवून, अंड्याएवढं शिवलंय;
त्याला आता धक्का लावायचा नाही.
आयबुप्रोफेन मी पेपरमिंटसारखी खायचे,
वीस वर्षं, स्टिअरिंगवर एक हात ठेवून.
ती बंद. एकही नाही. कधीच नाही.
शिवणीवर व्रण पडतो, नर्स म्हणाली,
आणि माझ्याकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.
उरली पॅरासिटामॉल, मोजून,
जी दुखण्याला हाकलत नाही,
फक्त शेजारच्या खोलीत नेऊन बसवते.

डेल्फीन पेल्टिए, माझी फिजिओ, सांगते: पूल करा.
उताणं पडून, गुडघे वाकवून, कंबर उचलायची, दहा आकडे.
सातव्याला आमचं मांजर खालून जातं.
जहाज गेलं, म्हणतो राइमो, पेपरातून डोकं न काढता.

रेल्वे फाटकाशी बस थांबवायची,
दार उघडून कान द्यायचा, नियमच आहे.
धान्याचे डबे. एकशे अठरा, एकशे एकोणीस.
तेवढ्यात मी पाठ सीटला दाबते, सोडते, दाबते.
मागून डेझमंड ओरडतो, वय वर्षं सात:
मिस कोस्केला, तुम्ही अर्ध्या झालात ना?
मग दुखणंही अर्धं झालं का?
अख्खी मालगाडी जाईपर्यंत वेळ होता मला.
उत्तर दिलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री
राइमोच्या खांद्यासाठीची बाटली मी फळीवरून काढली.
दोन गोळ्या तळहातावर. किती हलक्या.
अंधार, फ्रिजची घरघर.
परत टाकल्या, की निसटल्या, आठवत नाही;
सकाळी एक त्याच्या मोज्याखाली कुसकरली.
तो वाकला, पुसून घेतलं, कॉफी ओतली.
दुसऱ्या दिवशी फळीवरच्या धुळीत
बाटलीएवढा स्वच्छ गोल.
ती आता लाकडांच्या शेडमध्ये आहे,
खिळ्यांच्या डब्यामागे.
मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यालाही.
खांदा ठणकला की बूट चढवून बर्फातून जातो,
आणि येताना हातभर सरपण आणतो,
जसा काही त्यासाठीच गेला होता.

शुक्रवारी ते सरपण सौनात जळतं.
पूर्वी मी खालच्या फळीवर बसायचे,
वरची कुरकुरली की सगळे न ऐकल्यासारखं करायचे म्हणून.
आता वर चढते. खरी ऊब तिथेच असते.
माकडहाडाखाली टॉवेलची चौघडी.
राइमो तापल्या दगडांवर पाणी सोडतो
आणि वाफ मणक्यांत बोटं घालते,
हरवलेली किल्ली चाचपावी तशी.
कंबर गप्प होते. बरी नाही होत, गप्प होते.
अजून एक? विचारतो तो, डाव हातात तसाच.
टाक, म्हणते मी,
आणि बाटलीतलं पाणी पिते,
एक घोट, लहान,
पोटाला विचारून.