साडेतेरा

सावद्याच्या शीतगृहात रात्रपाळीला माझा भाऊ असतो,
लीलाधर फेगडे, वय एकसष्ट, डावा गुडघा स्टीलचा.
दर तासाला काटा बघतो, वहीत लिहितो:
साडेतेरा.
साडेतेरा.
तेराच्या खाली गेलं की केळ बिघडतं.
त्या वेळी काहीच दिसत नाही, हिरवं ते हिरवंच.
दोन दिवसांनी उबेत आणलं
की सालीखाली काळी रेघ.

हा माणूस उणे वीसमध्ये जाळीपुढे उभा राहायचा,
अकरा हिवाळे, सरकारी पगारावर.

भरती झाल्यावर लेहहून पहिलं कार्ड आलं:
'इथं तळं गोठतं. त्यावर हॉकी खेळतात.
मला संघात घेतलं आहे. आईला स्वेटर पाठवू नको म्हणावं, पुरत नाही.'
बापू ओट्यावर हसले,
"काहून रे भो, बरफावर कोनी खेयतं का?"
आणि कार्ड कॅलेंडरमागे खोचलं.
बापू गेल्यावर ते मला सापडलं.
कडा हाताळून मऊ झाल्या होत्या.

संघात घेतलं ते कसं, हे त्यानं फार उशिरा सांगितलं.
पायांत पाती बांधून त्याला दोन पावलं टाकता येईनात.
उस्ताद म्हणाला, ज्याला घसरता येत नाही
त्याला गोलात उभा करा.
उभं राहणं त्याला येत होतं.
घड खांद्यावर झेलायचा, खाली टेकू द्यायचा नाही,
मालाला माती लागली की भाव गेला,
एवढं शिक्षण बापूंनी दिलंच होतं.
रबराची काळी चकती सुसाट यायची
आणि आमच्या शिवारातला पोरगा
ती अंगावर घ्यायचा.

परदेशात एकदाच खेळला.
त्या मुलखाचं नाव बापूंना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.
एकोणीस गोल झाले.
जळगावच्या पेपरात चार ओळी आल्या,
तीत 'एकोणीस' दोनदा.
अडवलेले सत्तावन्न होते.
हा आकडा मला त्यानं दिला तो
पुढचे दात बसवायला भुसावळला निघालो तेव्हा,
रिक्षात, रुमालाआडून.

परत आला तो मे महिन्यात. सेहेचाळीस अंश.
गाव विचारायचं, लढाईत लागलं का?
आधी तो सांगायचा. मग 'हो' म्हणायला लागला.

मग एका सव्वीस जानेवारीला शाळेनं बोलावलं.
हेडसरांनी शाल घातली, 'हॉकीवीर' म्हणाले,
आणि हातात दिला पांढरा चेंडू, साधी काठी,
उद्घाटनाला एक टोला मारा म्हणून.
लीलाधरनं काठी जवळच्या पोराला दिली.
चपला काढल्या, शाल घडी करून त्यांवर ठेवली,
दोन विटांच्या मधे जाऊन उभा राहिला
आणि म्हणाला, मारा.

चाळीसेक पोरांनी मारले.
प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते, नारळ तसाच,
जिलेबीवर माश्या.
हा गुडघ्यावर पडायचा, उठायचा, पडायचा.
पँट फाटली. कुणाचाच आत गेला नाही.
शेवटी तिसरीतली मेहरुन तडवी आली,
काठी तिच्यापेक्षा उंच.
चेंडू रांगत निघाला
आणि त्याच्या दोन पायांतून पलीकडे गेला.

आजही मी डबा घेऊन जातो, कळण्याची भाकरी, ठेचा.
आत शाल गुंडाळून बसतो. तो बनियनवर.
डाव्या पायाची करंगळी चोळत राहतो,
ती काळी आहे, उन्हाळ्यात खाजते.
"थंडी नाही वाजत तुला?"
"ही कुठी थंडी, भो."

मग आमचं नेहमीचं भांडण.
मी म्हणतो, तडव्यांच्या पोरीचा तू सोडलास.
तो म्हणतो, गेला.
सोडलास.
गेला रे. बघत होतो, तरी गेला.
कंप्रेसर धडधडून सुरू होतो, पुढचं ऐकू येत नाही.
तो भिंतीला धरून उठतो, काटा पुसतो,
वही उघडतो.