पेवातली हवा

हरिपूरच्या पेवात माणूस उतरण्याआधी
अण्णा दोरीला बांधून कंदील सोडायचे.
वात विझली, की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.
खाली हळद, आणि हळदीनं महिनोन् महिने सोडलेला श्वास.
कोष्ट्यांचा बाबू एकदा हसत उतरला,
वर आला तो दोरीनं.

मी मिरज रोडच्या प्रयोगशाळेत
काचेच्या कपाटाला नळी जोडते.
हवा तीच, पातळ केलेली: शंभरात एक भाग.
आत तंबाखूची तेरा रोपं.
तंबाखूच का गं, आईनं विचारलं,
तिनं मिसरी सोडून चार वर्षं झालीत.
म्हटलं, ती काहीही सोसते, म्हणून.

पानात कार्बन वेचणारं एक प्रथिन असतं.
मुल्ला मॅडम म्हणतात, फार मंद,
सेकंदाला दोन-तीन दाणे,
त्यातही चुकून प्राणवायू उचलतं,
हळकुंडात खडा यावा तसा.
त्याचं जनुक काढलं,
जागी घातलं निळ्या-हिरव्या शेवाळाचं.
संगमाच्या पायऱ्यांवर असतं तसलंच ते,
दुसरीत असताना मी घसरून हात मोडून घेतला ते.
आमचं आलं पुण्याहून, बाटलीतून,
तरी वहीत त्याचं नाव लिहिताना
मी कोपर चोळते.

हे भराभर वेचतं. निवड मात्र कच्ची.
शेवाळात त्याला राहायला डबी असते,
आत कार्बनची इतकी दाटी
की चुकायला जागाच नसते.
ती डबी आम्हाला पानात अजून बांधता येत नाही.
तोवर हे कपाट. ही नळी.

सात नंबरचं रोप बाहेर ठेवून पाहिलं,
साधी हवा, खिडकीतलं ऊन.
नवव्या दिवशी त्याला हळदीचा रंग चढला.
मॅडम काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसत राहिल्या.

अण्णा शनिवारी डबा द्यायला आले.
आत काय भरलंय?
म्हटलं, पेवातली हवा.
ते दोन पावलं मागं सरले,
पायताणं तिथंच राहिली.
मग हळूच पुढं येऊन, गुडघ्यावर हात टेकून
काचेतून बघत बसले,
बारा रोपं, ताठ, हिरवीगार,
दोरी नाही, कंदील नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
आणि वर कधी काढणार ह्यांना?

मी काटा बघितला.
वहीत तारीख घातली.